मधला माणूस

दिवाळी जवळ आली की मराठी घरात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. चकलीची भाजणी दळून आणली का, ही पहिली. आणि यंदा बोनस किती मिळणार, ही दुसरी. पहिलीचे उत्तर घरातच मिळते. दुसरीचे उत्तर कारखान्याच्या किंवा कचेरीच्या फळ्यावर लागलेल्या एका कागदात असते. हल्ली तो कागद मोबाइलवर येतो, एवढाच फरक. त्यावरचा आकडा आपण वाचतो, पुन्हा वाचतो, मनातल्या मनात पगाराशी ताडून पाहतो, आणि मग साडीचा, फटाक्यांचा, आईच्या चष्म्याचा हिशेब मांडू लागतो. कागदाच्या तळाशी एक सही असते. ती मात्र कोणी वाचीत नाही. आज मला त्या सहीविषयी लिहायचे आहे.

ती सही मालकाची नसते. मालक असल्या कागदावर सहसा सही करीत नाही. ती कामगाराची तर नसतेच नसते. ती असते दोघांच्या मध्ये बसलेल्या एका माणसाची. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या माणसाच्या दारावरची पाटी किती वेळा बदलली! आधी तो जॉबर होता. मग लेबर ऑफिसर झाला, वेल्फेअर ऑफिसर झाला, पर्सोनेल मॅनेजर झाला. आता त्याला एच. आर. म्हणतात; आणि त्यांतला जो सर्वांत वरचा, त्याच्या पाटीवर ‘मुख्य मनुष्यबळ अधिकारी’ असे भारदस्त नाव असते. पाटी बदलली, पगार वाढला, खुर्ची वरच्या मजल्यावर गेली. परंतु एक प्रश्न जॉबराच्या काळी होता तसाच आजही आहे. हा माणूस कोणाचा?

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांला ह्या उठाठेवी कशाला? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोरांना शिकवावे आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा संसार. पण त्याचे असे आहे की, १९८५ पासून २०२० पर्यंत आम्हां शिक्षकांच्या डोक्यावरच्या दिल्लीतल्या मंत्रालयाचे नावच मुळी ‘मनुष्यबळ विकास’ असे होते. शिक्षण हा शब्द त्या पाटीवरून पस्तीस वर्षे गेला होता, तो २०२० साली परत आला. म्हणजे आम्ही वर्गात जे घडवीत होतो ते सरकारी भाषेत मनुष्यबळ होते. शिवाय मी शिकवलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी विसाव्या-बाविसाव्या वर्षी प्रथम ज्या टेबलासमोर जाऊन बसते, ते टेबल ह्याच माणसाचे असते. आमच्या हातून सुटलेले पोर ज्याच्या हाती जाते, त्याच्याविषयी विचार करण्याचा एवढा तरी हक्क मास्तराला असावा.

प्रथम जॉबराकडे जाऊ. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले. रत्नागिरीचा, सावंतवाडीचा, साताऱ्याचा शेतकरी मुंबईत उतरला तो गिरणीच्या मालकाला ओळखत नव्हता, आणि मालक त्याला ओळखत नव्हता. दोघांनाही ओळखणारा एकच माणूस होता, तो म्हणजे जॉबर. माणूस आणायचा त्याने, कामाला लावायचा त्याने, काढून टाकायचा त्याने. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगारांची रांग लागे, आणि त्यांतला आज कोण आत जाणार व कोण उपाशी परतणार हे जॉबराचे बोट ठरवी.

ह्या जॉबराला आजच्या भाषेत कौशल्ये होती का? पुष्कळ होती. त्याला आपल्या हाताखालच्या प्रत्येकाचे नाव, गाव, भावकी ठाऊक असे. कोणाची बायको गावी बाळंत झाली, कोणाच्या डोक्यावर पठाणाचे कर्ज आहे, कोण कोणाच्या खोलीत झोपतो, हे त्याला पाठ असे. तो खोली मिळवून देई, उधारीला जामीन राही. पण ह्या सगळ्याची तो किंमत घेई. तिला दस्तुरी म्हणत. कामावर लागायचे तर दस्तुरी, टिकायचे तर दस्तुरी, गावाहून परत आल्यावर पुन्हा दस्तुरी. माणसांविषयीचे ज्ञान हे त्याचे भांडवल होते, आणि त्यावर तो व्याज खात होता. मालकाला तो सांगे की माणसे माझ्या मुठीत आहेत. माणसांना सांगे की मालक माझ्या शब्दाबाहेर नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणूनच त्याचे चालत होते.

त्याचा परिणाम काय होई ते १९२४ साली दिसले. आधी काही वर्षे मिळत आलेला बोनस गिरणीमालकांनी बंद केला, आणि मुंबईच्या दीड लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. कामगार समजत होता की बोनस हा आपल्या कमाईचाच भाग. मालक समजत होता की ती आपण खुशीने दिलेली बक्षिसी. चौकशी समितीने कायद्याच्या काट्यावर तोलून सांगितले की कामगारांना असा हक्क सांगता येणार नाही. संप फसला. आज किमान बोनस कायद्याने ठरलेला आहे, ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. शाळेतल्या पोराला सुटेल असे हे गणित. पण ते कायद्याच्या पुस्तकात यायला चाळीस-पन्नास वर्षे आणि कित्येक घरांच्या उपाशी दिवाळ्या लागल्या. एकाच रकमेला वरच्या मजल्यावर बक्षिसी म्हणतात आणि खालच्या मजल्यावर कमाई म्हणतात, हे दोन्ही मजल्यांना वेळेवर सांगणारे कोणी मध्ये नव्हते.

१९३१ साली व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने आपला अहवाल दिला, आणि जॉबराची ही सत्ता मोडावी, माणसे घेण्याचे व काढण्याचे काम स्वतंत्र लेबर ऑफिसराकडे द्यावे, असे सुचवले. तिकडे विलायतेत ही कल्पना थोडी आधी रुजली होती. यॉर्क शहरातल्या राउंट्री ह्यांच्या चॉकलेटच्या कारखान्यात १८९६ साली मेरी वुड नावाच्या बाईंची नेमणूक झाली होती. कामावर येणाऱ्या मुली आणि पोरे ह्यांच्याकडे लक्ष द्यायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची, हे त्यांचे काम. १९१३ साली अशा लोकांनी त्याच यॉर्कमध्ये एकत्र येऊन आपली संघटना काढली. आजच्या मुख्य मनुष्यबळ अधिकाऱ्याचे कुळ शोधीत मागे गेले तर एका बाजूला दस्तुरी खाणारा जॉबर भेटतो आणि दुसऱ्या बाजूला आजाऱ्याच्या उशाशी बसणारी मेरी वुड भेटते. दोघांचेही रक्त त्याच्या अंगात आहे, आणि कोणत्या दिवशी कोणते उसळेल हे सांगता येत नाही.

आपल्याकडे मग ह्या कामाचे शास्त्र झाले. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४९ साली जमशेदपूरला झेवियर संस्था निघाली. ह्या शाळांतून कामगारांचे प्रश्न शिकलेले पदवीधर बाहेर पडू लागले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेत हा आकडा २५० वर आणला आहे.

ह्या कल्याण अधिकाऱ्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. त्याला नेमायचे मालकाने, पगार द्यायचा मालकाने, पण कामे नेमून द्यायची सरकारने. काही राज्यांच्या नियमांत तर स्पष्ट होते की, ह्या अधिकाऱ्याने कामगारांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत पडू नये, आणि मालकाच्या वतीने कामगारांच्या विरुद्ध कोर्टात उभे राहू नये. कायदे करणाऱ्यांना आपला प्रश्न दिसला होता, हे त्यावरून समजते. ज्याच्याकडे माणूस आपले दुःख घेऊन येतो, त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आरोपपत्र ठेवू नये, इतकी ती साधी गोष्ट होती. पण कागदावरचा नियम आणि कारखान्यातला दिवस ह्यांत अंतर असते. एकच साहेब सकाळी कल्याण करी आणि दुपारी चौकशी चालवी, असे अनेक ठिकाणी होतच राहिले.

ह्या क्षेत्रात चांगले काही झालेच नाही, असे कोणी समजू नये. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाच्या कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू केला. त्याच्या आदल्याच वर्षीचा कायदा कापड गिरणीतल्या पुरुषाला बारा तासांपर्यंत राबवायला मोकळीक देत होता. १९७५ साली उदय पारीक आणि टी. व्ही. राव ह्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते निघाले. माणसाची हजेरी आणि शिक्षा एवढेच न पाहता त्याच्या अंगात काय आहे आणि ते कसे वाढेल हे पाहायचे, ही त्यामागची दृष्टी. मास्तर म्हणून मला ही दृष्टी फार आवडते. पोराच्या प्रगतिपुस्तकावर नुसते गुण लिहिणे आणि ते पोर कुठे अडले आहे ते शोधणे, ह्यांत जो फरक, तोच येथे आहे.

पण ह्याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ ह्या दिवशी गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्याची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कायद्याने मान्य असलेली संघटना एक होती आणि कामगारांच्या मनातला नेता, डॉ. दत्ता सामंत, दुसराच होता. खाली काय शिजत आहे हे कागदोपत्री मान्यतेवर पाहणाऱ्याला दिसणार कसे? गिरण्यांच्या दुखण्याची कारणे पुष्कळ होती. जुनाट यंत्रे होती, यंत्रमाग होते, जमिनीच्या किमती होत्या. एखाद्या शहाण्या अधिकाऱ्याने तो संप टाळला असता, असे मी म्हणणार नाही. मात्र खालचे बोलणे वर पोचवणारी वाट किती वर्षे बुजत आली होती, हे त्या संपाने दाखवले. गिरणगावातल्या कित्येक घरांत ती वाट बुजल्याची किंमत पुढच्या पिढीने शाळा सोडून भरली.

आता आजच्या माणसाकडे येऊ. १९९७ साली मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक डेव्ह उलरिच ह्यांनी एक पुस्तक लिहिले, आणि ह्या धंद्यातल्या लोकांनी ते उचलून धरले. माणसे सांभाळणाऱ्याची चार कामे त्यांनी सांगितली: धोरण ठरवण्यात भागीदार व्हावे, कारभार चोख ठेवावा, बदल घडवून आणावा, आणि कामगारांचा कैवार घ्यावा. त्यानंतरच्या वर्षांत पहिले काम फार मोठे झाले. हा अधिकारी संचालकांच्या टेबलाशी जाऊन बसला. आता त्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे, कायदा आला पाहिजे, संगणकातले आकडे बोलते करता आले पाहिजेत. २०१३ च्या कायद्यापासून बाईमाणसाच्या छळाची तक्रार ऐकणारी समिती दहा माणसांच्या कचेरीतही असावी लागते. ती नीट चालवणे हेही त्याच्याकडेच पाहून होते. २०२० च्या साथीत माणसे घरून काम करू लागली, तेव्हा न दिसणाऱ्या माणसांची काळजी कशी घ्यायची हा नवा धडा त्याला मिळाला. ह्यांतले एकही कौशल्य कमी दर्जाचे नाही. टेबलाशी जागाच नसेल तर बोलणार तरी कुठून? म्हणून त्याची खुर्ची वर गेली ह्याचे मला दुःख नाही.

दुःख आहे ते वेगळे. खुर्ची जितकी वर, तितका कारखान्याचा दरवाजा लांब. जॉबराला हजार माणसांची नावे ठाऊक होती, आणि त्याने त्यांचा बाजार मांडला. आजच्या अधिकाऱ्याच्या यंत्रात दहा हजार माणसांची माहिती असते, आणि त्याला कधी कधी एकाचेही नाव आठवत नाही. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने अर्ज चाळण्यासाठी एक यंत्रबुद्धी तयार केली होती. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून त्यांवरून शिकलेली ती बुद्धी बायकांच्या अर्जांना खाली ढकलू लागली. ते ध्यानात आल्यावर कंपनीने तो प्रयोग गुंडाळला, अशी बातमी २०१८ साली आली. यंत्राने जॉबराचाच कित्ता गिरवला. फक्त दस्तुरी घेतली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तिकडच्याच एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने सुमारे नऊशे माणसांना संगणकाच्या पडद्यावर एकत्र बोलावले आणि तीनेक मिनिटांत सांगून टाकले की तुमची नोकरी गेली. एकाच्याही डोळ्यांत पाहावे लागले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच मोठ्या खुर्चीवर आहे. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गावी आला की तो भेटून जातो. एका वर्षी बोलता बोलता त्याने आपल्यावर आलेला एक प्रसंग सांगितला. कंपनीचे काम घटले होते आणि साठ माणसे कमी करायचे वर ठरले होते. यादी त्यानेच केली होती. ती सोमवारी जाहीर व्हायची होती. पण कुजबुज आधीच पसरली, आणि शुक्रवारी सर्वांना एकत्र बोलावून ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ असे सांगण्याचा त्याला हुकूम झाला. का, तर दोन दिवस गडबड नको.

“मग?” मी विचारले.

“मी म्हटलं, सर, यादी मी केली, ती वाचूनही दाखवीन. पण एवढं वाक्य माझ्याच्यानं होणार नाही. आज मला काही सांगता येत नाही, असं म्हणेन. वरचे हसले. म्हणाले, साठ घरांवर नांगर फिरवलात तेव्हा हात नाही थरथरला, आणि एका वाक्याला अडलात?”

शेवटी ते वाक्य त्याने उच्चारले नाही. दुसऱ्या कोणी उच्चारले. यादी सोमवारी लागलीच. पुढे वर्षभर बढतीच्या वेळी त्याचे नाव मागे पडत राहिले. आणि साठांपैकी कोणी येऊन त्याचे आभार मानले, असेही नाही, कशाबद्दल मानावेत?

वरच्यांचा तो प्रश्न मात्र मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. कारण तो अगदीच चुकीचा नाही. माणसाला नोकरीवरून काढणे हे मोठे, आणि खोटे बोलणे हे लहान, असे वरवर दिसते. मोठे केलेच आहे तर लहानाला नाक मुरडणे म्हणजे सोवळे जपण्याचा प्रकार नव्हे काय? मी असा विचार केला: कंपनीचे काम घटले तर माणसे कमी करावी लागतात; ते दुःखाचे आहे, पण त्यात कोणाची फसवणूक नाही. शुक्रवारचे ते वाक्य मात्र नुसते वाक्य नव्हते. साठांतल्या कोणाला दुसरीकडून बोलावणे आले असेल, ते त्याने शनिवारी ह्या शब्दावर विसंबून नाकारले असते. कोणी रविवारी घराच्या कर्जाच्या कागदावर सही केली असती. कोणी मुलीच्या लग्नाची तारीख पक्की केली असती. नोकरी गेलेल्या माणसाकडे शेवटी एकच गोष्ट उरते, आपले पुढचे पाऊल आपण ठरवण्याची. खोटे वाक्य तीही काढून घेते. माझ्या मते ह्या माणसाची सारी विद्या येथे कसाला लागते. तो कामगारांना वाचवू शकेलच असे नाही. वरचा निर्णय बदलू शकेलच असे नाही. पण त्याच्या तोंडून खाली गेलेला शब्द खरा असावा, आणि खालून वर नेलेला शब्दही तितकाच खरा असावा, एवढे त्याच्या हातात असते.

आता, मालकाचे मीठ खाऊन मालकाला न आवडणारे बोलावे काय, हा जुना प्रश्न येतो. ह्याविषयी महाभारतात आपल्याला दोन माणसे भेटतात. युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर नमस्काराला आला तेव्हा भीष्मांनी कबुली दिली की, अर्थाने कौरवांनी आपल्याला बांधून ठेवले आहे. द्रोण आणि कृप हेही तेच म्हणाले. द्रोण तर आमच्याच व्यवसायातले! हे तिघेही थोर, तिघांनाही धर्म कोणत्या बाजूला आहे ते ठाऊक. पण मिठाचा अर्थ त्यांनी असा लावला की द्यूतसभेत त्यांची वाचा बसली. विदुरही त्याच धृतराष्ट्राचे अन्न खात होता. द्यूताच्या आधी तो बोलला, भरसभेत बोलला, आणि पांडव वनात गेल्यावरही बोलला. तेव्हा धृतराष्ट्राने चिडून त्याला घालवून दिले. विदुर काम्यक वनात पांडवांकडे गेला. आणि मग झाले काय? त्याच धृतराष्ट्राला करमेना. त्याने माणूस धाडून विदुराला परत बोलावले, आणि विदुर परत आलाही.

ह्या परत येण्याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. विदुर पांडवांच्या पक्षाला जाऊन मिळाला नाही. तो धृतराष्ट्राचाच मंत्री राहिला. पण धृतराष्ट्राचा असणे म्हणजे धृतराष्ट्राला गोड लागेल तेच बोलणे, असा त्याने मिठाचा अर्थ लावला नाही. आपल्या मधल्या माणसाला ‘तू कोणाचा?’ असे विचारले तर त्याने आढेवेढे न घेता सांगावे की, मी मालकाचा नोकर आहे. कामगारांच्या गळ्यात हात घालून ‘मी तुमच्यातलाच’ असे त्याने म्हणू नये. ते खरे नसते, आणि ज्या दिवशी यादी लागते त्या दिवशी ते उघडे पडते. आपण एक कुटुंब आहोत, हे वाक्य तर त्याने जिभेवर आणूच नये. कुटुंबात महिन्याची नोटीस देऊन कोणाला घराबाहेर काढीत नाहीत. पण मालकाचा नोकर म्हणूनच मालकापुढे कामगाराचे म्हणणे पाणी न घालता मांडणे, हे त्याचे काम आहे. पगार त्याला त्यासाठी आहे. वर्गातल्या मॉनिटराचेच पाहा ना. तो मास्तराने नेमलेला असतो हे साऱ्या पोरांना ठाऊक असते, आणि त्याचे त्यांना वाईटही वाटत नाही. पण दंगा करणाऱ्या मित्राचे नाव गाळून जो दुसऱ्याचेच नाव फळ्यावर लिहितो, किंवा पोरांची खरी अडचण मास्तरांपुढे बोलायला जो घाबरतो, त्याला पोरे कधी विसरत नाहीत.

मधल्या माणसाच्या जिवावर बेतते तेव्हा काय होते, तेही आपल्या देशाने पाहिले आहे. १८ जुलै २०१२ ह्या दिवशी हरियाणातल्या मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्यात भांडण पेटले, आणि माणसांच्याच खात्याचे मोठे अधिकारी त्या आगीत गेले. त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. १४८ कामगारांवर खटला चालला. २०१७ साली निकाल लागला तेव्हा ३१ जण दोषी ठरले, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप झाली, आणि उरलेले ११७ जण निर्दोष म्हणून सुटले. ह्या सुटलेल्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षे तुरुंगात काढली होती. त्या दिवशीच्या हिंसेचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. पण दोन काठांमधला पूल जळतो तेव्हा एकाच काठाचे नुकसान होत नाही, हे मात्र त्या आकड्यांत लिहिलेले आहे.

म्हणून ह्या मोठ्या अधिकाऱ्यांनी पुढच्या काळात कोणती विद्या शिकावी, असे मला कोणी विचारले, तर ताळेबंद, कायदा, संगणक ह्यांत भर घालायला माझ्याजवळ काही नाही. ते त्यांना माझ्याहून अधिक कळते. एका साध्या सवयीची आठवण मात्र करून देईन. महिन्यातून एक दिवस कारखान्याच्या दारापाशी उभे राहावे, पाळी सुटताना. यादीतली दहा नावे घ्यावीत आणि त्यांचे चेहरे ओळखता येतात का पाहावे. यंत्राने नाकारलेले दहा अर्ज काढून स्वतः वाचावेत. आणि वर बसून ऐकलेला प्रत्येक आकडा माणसांच्या घरात गेल्यावर कसा दिसेल, ते टेबलाशी बसलेल्यांना सांगावे. त्यांना ते सांगणारे दुसरे कोणी तेथे नसते.

आणि आपण घरी बसलेल्यांनी? आपणही आपापल्या जागी मधली माणसेच असतो. सोसायटीचा सेक्रेटरी रखवालदार आणि सभासद ह्यांच्या मध्ये उभा असतो. घरधनीण धुणेभांडी करणाऱ्या बाई आणि घरातली माणसे ह्यांच्या मध्ये असते. बाईंनी दिवाळीला म्हणून मागितलेले चार पैसे ही बक्षिसी की वर्षभराच्या श्रमाची कमाई, हा १९२४ चा प्रश्न दर आश्विनात आपल्या स्वयंपाकघरात उभा राहतो. तेव्हा आपण त्यांना काय सांगतो? ‘साहेब नको म्हणाले’ असे सांगतो, आणि साहेबांना विचारलेलेच नसते!

फराळाची ताटे येतील, तोवर एवढे करून पाहावे. यंदाच्या बोनसचा कागद हाती आला की आकड्याखालची ती सही एकदा वाचावी. त्या माणसाने तो आकडा लिहिण्याआधी वर काय सांगितले असेल, कोणासाठी भांडला असेल किंवा कुठे गप्प बसला असेल, ह्याचा क्षणभर विचार करावा. आणि तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी तशा खुर्चीवर बसत असेल, तर करंजीचे ताट पुढे करताना त्याला किंवा तिला सहज विचारावे: “काय रे, यंदा कोणाला काही खोटं सांगावं लागलं नाही ना?”